व्यसनमुक्ति आणि परस्परसाहाय्य : कर्जत-खालापूरच्या निमित्तानें

मुंबईहून आग्नेयेस निघणाऱ्या उपनगरी आगगाड्या जेथें थांबतात, तेथें सह्याद्रीची भिंत अगदीं समोर उभी राहते. कर्जत आणि खोपोली हीं या मार्गाचीं शेवटचीं स्थानकें. उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेले कर्जत व खालापूर हे दोन तालुके आज रायगड जिल्ह्यांत मोडतात. १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत मात्र कर्जत हा ठाण्याचा तालुका असून खालापूर हा त्याचा पेटा होता. पुढें हा मुलूख कुलाबा जिल्ह्याकडे आला आणि १९८१ सालीं कुलाब्याचें नांव रायगड असें झालें. सखल भागांत भाताचीं खाचरें, डोंगरउतारावर ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या, पावसाळा सरतांच वीटभट्ट्यांकडे निघणारीं बिऱ्हाडें, खोपोलीच्या आसपासचे कारखाने, आणि अलीकडे मुंबईकरांनीं बांधलेलीं शेतघरें, असें या दोन तालुक्यांचें आजचें रूप आहे.

या मुलखांत दारूचा प्रश्न जुना आहे आणि तो सोडविण्याचे प्रयत्नही जुने आहेत. कायदा, सामुदायिक शपथ, औषधोपचार, आणि ज्यांनीं तेंच दुःख भोगलें आहे त्यांची संगत, असे चार मार्ग निरनिराळ्या काळीं चोखाळले गेले. यांपैकीं चौथा मार्ग सर्वांत उशिरा आला, आणि त्याचा गाजावाजाही सर्वांत कमी झाला. परंतु दवाखान्यांतून बरा होऊन घरीं परतलेला मनुष्य पुढील वर्षभर टिकेल कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं या चौथ्या मार्गावर अवलंबून असतें. म्हणून या चारही मार्गांचा इतिहास एकत्र पाहणें उपयुक्त आहे.

अबकारीचा काळ

ठाणें-कुलाब्याच्या डोंगरपट्टींत मोहाचीं झाडें विपुल आहेत. फाल्गुन-चैत्रांत पहाटेच्या वेळीं त्यांचीं फुलें गळतात. तीं वेंचून, वाळवून, पाण्यांत आंबवून त्यांची दारू गाळावयाची, ही रीत फार जुनी आहे. किनाऱ्याकडे ताडी-माडी, डोंगराकडे मोहाची दारू, अशी वांटणी साधारणपणें होती. लग्नांत, देवकार्यांत आणि मर्तिकांत दारूला मानाची जागा होती. मनुष्य पीत असे तो जातभाईंच्या मेळ्यांत, ठरलेल्या प्रसंगीं आणि घरच्या भट्टींतली. याचा अर्थ त्या काळीं कोणी दारूपायीं नासला नाहीं असा नव्हे; पण पिण्याला कांहीं बांध होता आणि तो बांध समाजाच्या हातीं होता.

इंग्रजी अंमलांत ही व्यवस्था पार बदलली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें घरोघर दारू गाळणें हा गुन्हा ठरला. दारू सरकारमान्य भट्टींत गाळावयाची, तिच्यावर जबर कर बसवावयाचा आणि ती मक्तेदाराच्या गुत्त्यांतून विकावयाची, अशी पद्धति सुरू झाली. कुलाब्याच्या किनाऱ्यावरील उरण हें मोहाच्या दारूच्या भट्ट्यांचें मोठें केंद्र होतें. १८९२ सालीं मोहाच्या फुलांवरही निर्बंध घालणारा कायदा झाला. परिणाम असा झाला कीं ज्या वनवासी माणसाच्या दाराशीं मोहाचें झाड उभें, त्यालाच गुत्त्यावर जाऊन रोख पैशानें किंवा उधारीनें दारू विकत घ्यावी लागली. दारूबरोबर कर्ज आलें आणि कर्जाबरोबर सावकाराची व जमीनदाराची वेठ आली. सरकारच्या तिजोरींत मात्र अबकारीचें उत्पन्न वर्षानुवर्षें वाढत गेलें. महात्मा जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना १८८० सालीं शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांना त्यांनीं लेखी विरोध केला, तो याच धोरणाच्या काळांत.

शपथ आणि बंदी

दारूविरुद्ध एक मोठी लाट उठली ती शहरांतील सुधारकांकडून नव्हे, तर आदिवासींकडून. १९२२ च्या सुमारास ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्याकडून एक देवीचें वारें निघालें आणि डोंगरपट्टींतून सुरत जिल्ह्यापर्यंत पसरलें. भगताच्या अंगांत देवी संचरे आणि तिच्या मुखानें आज्ञा होई कीं दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा, गुत्तेवाल्याची चाकरी करूं नका. वाडीच्या वाडी एकत्र बसून शपथ घेई. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत या चळवळीचा तपशीलवार इतिहास मांडला आहे. कित्येक ठिकाणीं शपथ फार दिवस टिकली नाहीं. पण जेथें गांवकरी पुढेंही एकत्र जमत राहिले, तेथें तिचा प्रभाव दीर्घकाळ राहिला. केवळ शपथ आणि शपथेमागची चालू संगत यांतील भेद येथें प्रथम दिसतो.

त्यानंतर कायद्याचा मार्ग आला. खेर मंत्रिमंडळांतील मंत्री डॉ. गिल्डर यांच्या पुढाकारानें १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. मंत्रिमंडळानें राजीनामा दिल्यावर ती ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून सर्व राज्यांत बंदी लागू झाली. बंदीच्या वर्षांत उघड गुत्ते गेले, कांहीं घरांत पगाराचा पैसा घरीं येऊं लागला, हें खरें. पण त्याचबरोबर खाडीच्या कडेला आणि डोंगराच्या घळींत हातभट्ट्या पेटल्या आणि पिणारा मनुष्य गुन्हेगार ठरला. १९६० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रानें परवान्यांची व्यवस्था सैल करीत नेली आणि १९७२ नंतर बंदी नांवापुरतीच उरली. तो कायदा आजही पुस्तकांत आहे आणि परवान्याशिवाय पिणें हा अजूनही नियमभंगच आहे. विषारी दारूचे अनर्थही थांबले नाहींत; २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईतील मालाड-मालवणी येथें शंभरावर माणसें त्यांतच दगावलीं.

कायद्याची उपयुक्तता नाकारण्याचें कारण नाहीं. गांवांतील दुकान मतदानानें बंद करण्याचा अधिकार महाराष्ट्रांतील स्त्रियांनीं वेळोवेळीं वापरला आहे आणि 'आडवी बाटली' ही मतपत्रिकेवरील खूण त्यांच्या लढ्याची खूण झाली आहे. परंतु दुकान बंद होणें आणि व्यसनी मनुष्य सुटणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याच्या शरीराला आणि मनाला दारूची सवय जडली आहे, तो दोन कोस अधिक चालतो. दुपारीं चारच्या सुमारास त्याच्या मनांत जी ओढ उत्पन्न होते, तिच्याशीं झगडतांना त्याच्या शेजारीं कोण बसणार, या प्रश्नाला कायद्यापाशीं उत्तर नसतें.

रायगडांतील बैठक

या प्रश्नाचें एक देशी उत्तर महाराष्ट्रांत पूर्वींपासून होतें. गळ्यांत तुळशीची माळ घातलेला वारकरी दारू शिवत नाहीं, हा दंडक सर्वांस ठाऊक आहे. माळ एकट्यानें सांभाळावयाची नसते. दिंडी, गांवचें भजन, पंधरवड्याची एकादशी आणि वर्षाची वारी यांनीं ती सांभाळली जाते. माळ घातलेल्यास कोणी पेला पुढें करीत नाहीं, आणि त्यानेंच तो उचलला तर चार माळकरी त्याला विचारतात.

रायगड जिल्ह्यांतच याच पद्धतीचें दुसरें रूप निर्माण झालें. रेवदंड्याचे नारायण विष्णु उर्फ नानासाहेब धर्माधिकारी यांनीं १९४३ सालीं दासबोधाच्या निरूपणाच्या साप्ताहिक बैठका सुरू केल्या. त्या पुढें कोकणांतील गांवोगांव आणि मुंबई-ठाण्याच्या कामगारवस्त्यांत पसरल्या. पुरुषांच्या, स्त्रियांच्या आणि मुलांच्या बैठका वेगळ्या भरतात. ठरलेल्या वारीं ठरलेल्या वेळीं हजर राहणें हा तिचा मुख्य नियम, आणि व्यसनत्याग हा तिच्या शिकवणीचा एक ठळक भाग. एका आठवड्याची गैरहजेरीही इतरांच्या लक्षांत येते, आणि हा धागा कित्येक घरांत दारू बाहेर ठेवण्यास पुरेसा झाला.

अर्थात् बैठक ही धार्मिक शिकवणुकीची संस्था आहे, उपचाराची नव्हे. तेथें निरूपणकार बोलतो आणि श्रोते ऐकतात. व्यसनी मनुष्यानें उठून स्वतःच्या अधःपाताची हकीकत सांगावी, अशी तिची रीत नाहीं. तें कार्य करणारी पद्धति दूर देशीं, एका वेगळ्याच परिस्थितींत जन्मास आली.

बाल्टिमोर आणि अॅक्रन

१८४० सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत एका गुत्त्यांत नेहमीं जमणाऱ्या सहा दारुड्यांनीं आपसांत ठरविलें कीं दारू सोडावयाची आणि आठवड्यास एकदां जमून एकमेकांना अनुभव सांगावयाचे. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या नांवावरून त्यांनीं आपल्या मंडळास नांव दिलें. थोड्याच वर्षांत या मंडळाच्या शाखा देशभर पसरल्या. १८४२ सालीं तरुण अब्राहम लिंकन यांनींही एका शाखेपुढें भाषण केलें. पण दशक संपण्यापूर्वींच हें मंडळ जवळजवळ नाहींसें झालें. दारूबंदीचें राजकारण, व्याख्यात्यांची प्रसिद्धीची हांव आणि आपसांतील वाद यांनीं त्याचा मूळ हेतु गिळून टाकला.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं तोच शोध पुन्हां लागला. न्यूयॉर्कचे बिल विल्सन हे शेअरबाजारांत धंदा करणारे गृहस्थ. दारूमुळें सर्वस्व गेल्यावर १९३४ च्या डिसेंबरांत ते टाउन्स रुग्णालयांत शेवटचे दाखल झाले. तेथील डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनीं त्यांना सांगितलें होतें कीं दारूचें व्यसन हा नीतीचा दोष नसून एक आजार आहे. १९३५ च्या मे महिन्यांत धंद्याच्या कामासाठीं विल्सन ओहायओ राज्यांतील अॅक्रन गांवीं गेले. काम फसलें. हॉटेलच्या दिवाणखान्यांत एकटे उभे असतां एका बाजूस मद्यगृह आणि दुसऱ्या बाजूस टेलिफोन, अशी त्यांची स्थिति झाली. त्यांनीं टेलिफोन उचलला आणि एखाद्या दुसऱ्या दारुड्याची गांठ घालून देण्याची विनंति केली. अशा रीतीनें त्यांची भेट डॉ. रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्याशीं झाली. डॉक्टरांनीं पंधरा मिनिटें द्यावयाचें कबूल केलें होतें. बोलणें सहा तासांहून अधिक चाललें.

या भेटीनंतरही डॉ. स्मिथ एकदां घसरले. १० जून १९३५ रोजीं त्यांनीं शेवटचा पेला घेतला, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या बंधुसंघाचा जन्मदिवस मानला जातो. संघाची उभारणी ज्या सिद्धांतावर झाली, तो साधा आहे. एका दारुड्यानें दुसऱ्यास मदत केली असतां दुसरा सुटेल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं, परंतु मदत करणारा स्वतः टिकतो. लगेच दोघे मिळून अॅक्रनच्या रुग्णालयांत तिसऱ्या रुग्णाच्या खाटेपाशीं गेले. पुढें अॅक्रनच्याच सेंट टॉमस रुग्णालयांत सिस्टर इग्नेशिया यांनीं डॉ. स्मिथ यांच्या साह्यानें अशा रुग्णांना दाखल करून घेण्यास प्रारंभ केला. रुग्णालय आणि संघ यांचें नातें असें अगदीं प्रारंभापासून जुळलेलें होतें. संघ हा वैद्यकाचा प्रतिस्पर्धी म्हणून जन्मला नाहीं.

१९३९ सालीं संघाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यांत बारा पायऱ्यांचा क्रम मांडला गेला. आपण दारूपुढें हतबल झालों आहों ही कबुली, स्वतःच्या दोषांचा हिशेब, ज्यांना दुखविलें त्यांची शक्य तेथें भरपाई, आणि शेवटीं दुसऱ्या पीडिताची सेवा, असा तो क्रम आहे. १९५० सालीं संघानें आपल्या कारभाराच्या बारा परंपरा स्वीकारल्या. सभासदाचें नांव प्रसिद्ध करावयाचें नाहीं, बाहेरील देणगी घ्यावयाची नाहीं, राजकारणांत अथवा दारूबंदीच्या वादांत पडावयाचें नाहीं, आणि दारू सोडण्याची इच्छा याखेरीज प्रवेशास दुसरी अट ठेवावयाची नाहीं. बाल्टिमोरच्या मंडळास ज्या चुकांनीं बुडविलें, नेमक्या त्याच चुकांना या परंपरांनीं बांध घातला. १९५१ सालीं व्यसनी माणसांच्या पत्नी व कुटुंबीय यांच्यासाठीं 'अल-अॅनॉन' हा स्वतंत्र संघ निघाला, आणि १९५३ सालीं कॅलिफोर्नियांत मादक द्रव्यांच्या व्यसनींसाठीं 'नार्कोटिक्स अॅनॉनिमस' स्थापन झाला.

महाराष्ट्रांतील प्रवेश

हा बंधुसंघ मुंबईंत आला तो १९५७ सालीं, म्हणजे ऐन दारूबंदीच्या काळांत. कायद्याच्या दृष्टीनें ज्या शहरांत कोणी परवान्यावांचून पीत नव्हतें, त्याच शहरांत न पिण्यासाठीं माणसें गुपचूप एकत्र जमूं लागलीं. प्रारंभीं सभा इंग्रजींत होत. पुढें मराठी, हिंदी व इतर भाषांतील सभा सुरू झाल्या आणि मुंबईबाहेरही पसरल्या.

१९८० च्या दशकांत ब्राउन शुगर ऊर्फ गर्द या मादक पदार्थानें मुंबई-पुण्याच्या तरुणांना ग्रासलें आणि संघटित उपचाराची गरज तीव्र झाली. १९८१ सालीं फादर जो परेरा यांनीं मुंबईंत कृपा फाउंडेशन स्थापन केलें. परेरा स्वतः व्यसनांतून वर आलेले. त्यांनीं बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमास बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगपद्धतीची जोड दिली. पुण्यांत अनिल अवचट यांनीं गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनीं एक लाख रुपयांची देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजीं मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र उघडलें. येरवड्याच्या मनोरुग्णालयांत काम केलेल्या डॉ. अनिता अवचट या त्याच्या सूत्रधार होत्या.

मुक्तांगणाची रचना पाहिली असतां परस्परसाहाय्य उपचाराच्या आंत कसें बसवावयाचें याचा चांगला नमुना मिळतो. प्रारंभीं डॉक्टर शरीरांतील विष उतरवितात. नंतरचे आठवडे रुग्ण इतर रुग्णांबरोबर राहतो, काम करतो, गटांत बोलतो. तेथील कार्यकर्त्यांत पूर्वीं रुग्ण म्हणून आलेलीं माणसें पुष्कळ आहेत. नवा रुग्ण बहाणा सांगूं लागला कीं ती सबब त्यांनीं स्वतः कधीं काळीं वापरलेली असते. रुग्ण घरीं गेल्यावर पाठपुराव्याच्या सभा असतात. रुग्णांच्या पत्नींसाठीं 'सहचरी' नांवाचा वेगळा गट अनिताबाईंनीं सुरू केला. नवरा दारू पितो याची लाज वर्षानुवर्षें एकटीनें वाहिलेल्या स्त्रीला तेथें प्रथम कळतें कीं ती लाज तिची नव्हेच.

वैद्यकाचें काम आणि संगतीचें काम

येथें एक इशारा आवश्यक आहे. परस्परसाहाय्य हें उपचाराचें अंग आहे, पर्याय नव्हे. पुष्कळ वर्षें रोज पिणाऱ्यानें दारू एकाएकीं बंद केली तर पहिल्या एक-दोन दिवसांत हात थरथरणें, घाम, अस्वस्थता आणि निद्रानाश होतो. कांहींना आंकडी येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कांहींना भ्रम होऊन वात होतो, आणि वेळेवर औषध न मिळाल्यास त्यांत प्राणही जातो. अशा रुग्णास देवळांत शपथ घालून किंवा खोलींत कोंडून ठेवणें हें धोक्याचें आहे. त्यास डॉक्टरांची देखरेख, योग्य औषधें आणि ब१ जीवनसत्त्व लागतें. ज्यास उदासीनतेचा अथवा अन्य मानसिक आजार आहे, त्याचीं औषधें सभेंतील कोणा उत्साही स्नेह्याच्या सल्ल्यानें बंद करणेंही तितकेंच घातक आहे.

पण वैद्यकाचें काम जेथें संपतें तेथें आजार संपत नाहीं. शरीर आठ-दहा दिवसांत दारूवांचून राहण्यास शिकतें. मन शिकण्यास महिने आणि वर्षें लागतात. या दीर्घ मुदतींत सभेचा उपयोग किती होतो, याची मोजदाद झालेली आहे. कॉक्रेन या संस्थेसाठीं जॉन केली, कीथ हम्फ्रीज आणि मारिका फेर्री यांनीं २०२० सालीं २७ अभ्यासांचा व १०,५६५ व्यक्तींचा आढावा घेतला. उपचार करणाऱ्यांनीं रुग्णास पद्धतशीरपणें अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांशीं जोडून दिलें असतां, वर्षाअखेर दारूपासून अखंड दूर राहिलेल्यांचें प्रमाण शेंकडा ४२ आढळलें; इतर मान्य मानसोपचारांनीं तें शेंकडा ३५ होतें. हा फरक चमत्कार म्हणावा एवढा नाहीं, आणि अर्ध्याहून अधिक माणसें दोन्हींकडे घसरलीं हेंही त्यांतून दिसतें. परंतु ज्या साधनास जवळजवळ कांहींच खर्च येत नाहीं, तें महागड्या साधनांच्या बरोबरीनें, किंबहुना कांकणभर सरस उतरतें, ही गोष्ट लहान नव्हे. त्याचें एक मुख्य कारणही संशोधकांनीं दाखविलें आहे. माणसाचे मित्र बदलतात. पिणाऱ्यांचा घोळका सुटतो आणि न पिणाऱ्यांचा मिळतो.

बारा पायऱ्यांतील ईश्वरविषयक भाषा कांहींना मानवत नाहीं. अशांसाठीं १९९४ पासून 'स्मार्ट रिकव्हरी' सारखे ईश्वराचा उल्लेख न करणारे गटही निघाले आहेत. स्त्री-व्यसनींना पुरुषांच्या सभेंत मोकळेपणानें बोलतां येत नाहीं, म्हणून त्यांच्या वेगळ्या सभा लागतात. बाहेरील नांव वेगळें असलें तरी ठरलेली वेळ, खरें बोलण्याची मुभा, आणि घसरलेल्यास पुन्हां दार उघडें, एवढें असलें म्हणजे मूळ गुण शाबूत राहतो.

घाटपायथ्याची गरज

आतां पुन्हां कर्जत-खालापूरकडे वळलें पाहिजे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या विद्यमानें झालेल्या आणि २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें देशांत सुमारें १६ कोटि माणसें दारू पितात. दारूच्या आहारीं गेलेल्या दर ३८ माणसांपैकीं कोणताही उपचार मिळाला तो एकाला. घाटाच्या पायथ्याशीं असलेल्या वाडीवर ही दरी अधिकच रुंद होते. तेथील मनुष्य मुंबई-पुण्याच्या केंद्रांत महिना काढून परत येतो, तेव्हां त्याला घरची वाट तीच, हातभट्टीचें ठिकाण तेंच आणि मित्रही तेच भेटतात. शहरांतील रुग्णाला संध्याकाळीं पांच स्थानकांच्या अंतरावर सभा गांठतां येते. वाडीवरच्या माणसाला त्यासाठीं दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

वीटभट्टीच्या हंगामाची अडचण याहून मोठी आहे. कातकरी कुटुंबें पावसाळ्यांत उचल घेतात आणि दिवाळीनंतर ती फेडण्यासाठीं भट्टीवर जातात. तेथें सहा-सात महिने परक्या गांवीं, उघड्यावर, दिवसभर चिखल तुडवून संध्याकाळीं श्रमपरिहार म्हणून दारू. गांवांत बसविलेली सभा या काळांत ओस पडते. म्हणून येथें सभा माणसांच्या मागोमाग भट्टीवर गेली पाहिजे, किंवा एका भट्टीवर जाणाऱ्या दोघा-तिघांनीं मिळून तीच आपली सभा समजावी. दोन माणसें बसलीं तरी सभा होते, हा अॅक्रनचा धडा येथें शब्दशः उपयोगी आहे.

परस्परसाहाय्य ही कल्पना या मातीस परकी नाहीं. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर हुतात्मा झाले, हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु हातीं शस्त्र घेण्यापूर्वीं त्यांनीं कर्जत भागांतील शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्या उघडल्या होत्या, याची आठवण कमी निघते. पावसाळ्यांत सावकाराच्या दारीं न जातां कोठींतून धान्य न्यावें आणि पीक आल्यावर परत भरावें, म्हणजे पुढील वर्षीं तें दुसऱ्याच्या उपयोगी पडतें. व्यसनमुक्तीची सभा याच न्यायानें चालते. जो आज घेऊन जातो, तो उद्यां परत आणून घालतो. आणि त्यानें आणून घातलें नाहीं तर कोठी रिकामी पडते.

अलीकडच्या वर्षांत शहरापासून दूर, शांत परिसरांत खाजगी व्यसनमुक्तिगृहें काढण्याची प्रथा वाढली आहे. त्यांतील पुष्कळांचा खर्च वाडीवरच्या कुटुंबास झेपणारा नसतो. रुग्णास इच्छेविरुद्ध डांबणें आणि मारहाण करणें असे प्रकारही देशांत ठिकठिकाणीं उघडकीस आले आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें व्यसनाधीनतेचा समावेश मानसिक आजारांत केला आहे. त्यामुळें अशा रुग्णालाही सन्मानानें वागविलें जाण्याचा, संमतीचा आणि तक्रारीचा हक्क आहे. गृह निवडतांना कुटुंबानें इमारतीकडे पाहण्यापूर्वीं विचारावें कीं डॉक्टर केव्हां येतात, घरच्यांना रुग्णास भेटतां येतें काय, आणि रुग्ण घरीं गेल्यावर त्याला कोणत्या सभेशीं जोडून देतात. तिसऱ्या प्रश्नास ज्यांच्यापाशीं उत्तर नाहीं, त्यांनीं उपचार अर्धाच केला असें समजावें.

कर्जत-खालापूरच्या शतकभराच्या इतिहासांत सरकारनें दारू विकली, सरकारनें दारू बंद केली आणि सरकारनेंच ती पुन्हां सुरू केली. देवीच्या नांवानें शपथा झाल्या आणि कांहीं मोडल्या. या सर्व उलाढालींत जी माणसें टिकलीं, त्यांच्या मागें बहुधा कोणतें तरी नेमानें जमणारें मंडळ उभें होतें; कोठें तें टाळ घेऊन जमे, कोठें दासबोध घेऊन, कोठें नुसतेच आपले अनुभव घेऊन. त्यासाठीं मोठी इमारत लागत नाहीं. समाजमंदिराची ओसरी, शाळेचा वर्ग किंवा भट्टीवरील झोंपडीपुढचें अंगण पुरतें. लागतें तें इतकेंच कीं दवाखान्यांतून परतलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यांत कोणी तरी घरीं येऊन घेऊन जावें, आणि तो दुसऱ्या आठवड्यांत आला नाहीं तर पुन्हां त्याच्या दारीं जावें.